एकाच नावाचे दोन लॅपटॉप : लेनोवोच्या यादीतून निवड कशी करावी

जगात सर्वाधिक वैयक्तिक संगणक विकणाऱ्या लेनोवो कंपनीच्या लॅपटॉपांची भारतात आयडियापॅड, योगा, थिंकपॅड, थिंकबुक, व्ही, लीजन आणि एलओक्यू अशी सात घराणी आढळतात. प्रत्येक घराण्यात अनेक मॉडेल आहेत आणि प्रत्येक मॉडेलमध्ये प्रोसेसर, मेमरी व पडदा यांच्या वेगवेगळ्या जोड्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या दुकानात यांतले चार-पाचच मांडलेले असतात. बाकीचे मागवून घ्यावे लागतात किंवा ऑनलाइन पाहावे लागतात. दुकानातल्या पाटीवर मात्र ‘आय५, ८ जीबी, ५१२ जीबी’ एवढेच लिहिलेले असते. ही माहिती खरी असली तरी तिच्यावरून निवड करता येत नाही, कारण पाटीवर हीच अक्षरे असलेले दोन लॅपटॉप चार वर्षांनी अगदी वेगळ्या अवस्थेत असू शकतात.

या सात नावांचे मूळ कंपनीच्या इतिहासात आहे. १९८४ साली बीजिंगमध्ये सुरू झालेल्या या कंपनीने २००५ साली अमेरिकेच्या आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय विकत घेतला आणि त्याबरोबर थिंकपॅड तिच्याकडे आला. थिंकपॅड १९९२ पासून बाजारात होता. काळी चौकोनी पेटी आणि कीबोर्डच्या मधोमध लाल बिंदू ही त्याची ओळख तेव्हाचीच. घरगुती ग्राहकासाठी कंपनीने २००८ मध्ये आयडियापॅड काढला. पुढे घडी घालून उलटा करता येणारा योगा आला, खेळांसाठी लीजन आला, लहान कार्यालयांसाठी थिंकबुक आला आणि २०२३ मध्ये लीजनपेक्षा स्वस्त असा एलओक्यू आला. व्ही ही मालिका दुकाने, संस्था आणि छोट्या व्यावसायिकांसाठी आहे. तिचे पुष्कळसे अंतरंग आयडियापॅडशी जुळते.

मुख्य फरक दोनच गटांचा आहे. आयडियापॅड घरासाठी एकेक विकला जातो, तिथे किंमत आणि दिसणे यांना महत्त्व असते. थिंकपॅड कंपन्या शेकड्यांनी घेतात आणि बिघडला की त्यांचा संगणक विभाग तो उघडतो. त्यामुळे थिंकपॅडच्या मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका लेनोवो सर्वांसाठी खुली ठेवते. कोणता स्क्रू आधी काढायचा, कीबोर्ड कसा सोडवायचा, कोणत्या सुट्या भागाचा क्रमांक काय, हे तिच्यात चित्रांसह दिलेले असते. श्रीरामपूर किंवा शेवगावच्या जाणत्या कारागिरालाही ती पुस्तिका उघडून काम करता येते. २०२४ मध्ये आलेल्या थिंकपॅड टी१४ जेन ५ ला दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिट या संस्थेने १० पैकी ९ गुण दिले होते. अधिकृत सेवा केंद्र ज्यांच्यापासून लांब आहे, त्यांनी किमतीच्या आधी हा गुण पाहावा.

थिंकपॅडची नावे समजायला सोपी आहेत. सुरुवातीचे अक्षर दर्जा सांगते. ई म्हणजे या घराण्यातला सर्वांत स्वस्त, एल त्याच्या वरचा, टी हा कार्यालयांचा नेहमीचा, एक्स हलका आणि महाग, तर पी हा आराखडे व गणनेच्या जड कामांसाठी. पुढचा १४ किंवा १६ हा पडद्याचा इंचांतला आकार असतो आणि ‘जेन’ नंतरचा आकडा पिढी दाखवतो. मागे इंग्रजी ‘एस’ जोडलेला असेल तर ते मॉडेल सडपातळ आहे. सडपातळ यंत्रात मेमरी बहुधा बोर्डावरच डाखलेली असते, हे त्या ‘एस’ बरोबर लक्षात ठेवावे.

आयडियापॅडमध्ये गोंधळ जास्त आहे, म्हणून तिथे थोडे थांबावे लागते. खोक्यावर ‘आयडियापॅड स्लिम ३’ असे ठळक छापलेले असते. या एका नावाखाली डझनभर यंत्रे विकली गेली आहेत. खरी ओळख लॅपटॉपच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या संकेतात असते. उदाहरणार्थ, १५एएमएन८ आणि १५एबीआर८. यांतला १५ म्हणजे पडद्याचा आकार. पुढचे ‘ए’ म्हणजे एएमडीचा प्रोसेसर, तिथे ‘आय’ असता तर इंटेलचा. मधली अक्षरे प्रोसेसरच्या जातीची आणि शेवटचा आकडा मालिकेच्या पिढीचा. ही दोन्ही यंत्रे एकाच पिढीची आहेत, दोन्हींचे नाव आयडियापॅड स्लिम ३ आहे आणि दोन्हींत ‘रायझेन ५, ७००० मालिका’ मिळतो.

पण १५एएमएन८ मध्ये येतो तो रायझेन ५ ७५२०यू. त्यात चार कोअर आहेत, म्हणजे हिशेब करणारे चार स्वतंत्र भाग, आणि त्यांची रचना झेन २ या जुन्या पद्धतीची आहे. १५एबीआर८ मध्ये येणाऱ्या ७५३०यू मध्ये सहा कोअर आहेत आणि रचना त्यापुढची, झेन ३ ची. एएमडीच्या या मालिकेत चार आकड्यांपैकी पहिला वर्ष दाखवतो आणि तिसरा रचनेची पिढी. २ आणि ३ हा फरक तिथे उघड लिहिलेला आहे, पण तो वाचायचा असतो हे सांगणारा कोणी भेटत नाही. त्यातच पहिल्याचा मूळ वेग २.८ गिगाहर्ट्‌झ आणि दुसऱ्याचा २.० छापलेला असतो. त्यामुळे कमकुवत यंत्र कागदावर जोरकस वाटते. गिगाहर्ट्‌झच्या आकड्यावरून दोन वेगळ्या जातींच्या प्रोसेसरची तुलना करू नये.

या दोन यंत्रांतला मेमरीचा फरक याहून मोठा आहे. १५एएमएन८ मध्ये संपूर्ण मेमरी, म्हणजे रॅम, मुख्य बोर्डावर डाखलेली असते. ८ जीबी घेतली की ती कायम ८ जीबीच राहते. १५एबीआर८ मध्ये काही मेमरी डाखलेली असली तरी एक मोकळी खाच असते आणि पुढे तिच्यात आणखी एक पट्टी बसवता येते. दोन-तीन वर्षांनी ब्राउझर आणि विंडोज जड झाले की एका ग्राहकाचे काम एका पट्टीच्या खर्चात भागते आणि दुसऱ्याला नवा लॅपटॉप बघावा लागतो. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच योग्य: रॅम वाढवता येते का, आणि किती खाचा आहेत?

विक्रेत्याचे उत्तर पडताळायची सोय लेनोवोनेच करून ठेवली आहे. कंपनीच्या पीएसआरईएफ या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलचा सविस्तर तक्ता विनामूल्य मिळतो. मेमरीच्या खाचा, पडद्याची चमक, बॅटरीचे वॉट-तास, वजन आणि चार्जिंगचे तोंड या सगळ्या गोष्टी त्यात असतात. खोक्यावरच्या चिकटपट्टीवर दहा अक्षर-अंकांचा मॉडेल क्रमांक असतो. भारतात विक्रीसाठी आलेल्या यंत्रांचा हा क्रमांक ‘आयएन’ या अक्षरांनी संपतो. तो क्रमांक मोबाइलवर टाकला की दुकानात उभ्या उभ्या खातरजमा होते. यात विक्रेत्यावर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही, कारण पुष्कळदा त्यालाही एवढा बारकावा माहीत नसतो.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये शेवटचे अक्षर पाहावे. ‘यू’ असलेले प्रोसेसर कमी वीज खातात, कमी तापतात आणि बॅटरी पुरवतात. ‘एच’ असलेले जास्त ताकदीचे असतात, पण त्यांना जास्त वीज आणि चांगला पंखा लागतो. आय५-१२३५यू आणि आय५-१२४५०एच या दोघांनाही पाटीवर ‘आय५, बारावी पिढी’ असेच म्हणतात. पहिल्यात दहा कोअर असले तरी त्यांतले दोनच जोमदार आहेत. दुसऱ्यात आठ आहेत आणि त्यांतले चार जोमदार. सतत जोर लावणाऱ्या कामाला दुसरा बरा. ज्याला दिवसभर लिहायचे-वाचायचे आहे त्याला पहिला. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या नावांतून ‘आय’ काढून ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावे आणली आहेत, पण शेवटच्या अक्षराचा अर्थ तिथेही हाच राहतो.

पडदा आणि कीबोर्ड नंतर बदलणे परवडत नाही, म्हणून त्यांची पारख दुकानातच करावी. स्वस्त मॉडेलांत २५० निट चमकेचा टीएन जातीचा पडदा येतो. बाजूने पाहिले की त्याचे रंग फिके आणि उलटे दिसतात. आयपीएस जातीच्या पडद्यात तसे होत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, पडवीत किंवा दार उघडे ठेवून काम करणाऱ्याला २५० निट अपुरे पडतात. ३०० किंवा त्याहून जास्त निटांचा, चकाकी नसलेला पडदा घ्यावा. हिशेबाचे काम करणाऱ्यांनी उजवीकडे अंकांचा वेगळा भाग आहे ना ते पाहावे. १५-१६ इंची आयडियापॅडमध्ये तो सहसा असतो, १४ इंची यंत्रात नसतो. पतसंस्थेत दिवसभर टॅली चालवणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने ही एक गोष्ट प्रोसेसरपेक्षा महत्त्वाची ठरू शकते.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लॅपटॉप कुठे वापरायचा यालाही तितकेच महत्त्व आहे. इथली असंख्य कुटुंबे गावठाणात न राहता शेतातल्या वस्तीवर राहतात. शेतीच्या वाहिनीवर तीन फेजची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. उरलेल्या वेळी सिंगल फेज मिळाली तरी मोटारी सुरू-बंद होताना दाब वरखाली होतो. लॅपटॉपचे अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालते. त्यामुळे दाब कमी झाल्याने लॅपटॉप सहसा बिघडत नाही आणि त्याच्यासाठी स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. धोका असतो तो वीज परत येताना बसणाऱ्या झटक्याचा आणि पावसाळ्यातल्या विजांचा. चांगला स्पाइक गार्ड वापरावा आणि गडगडाट सुरू झाला की पिन काढावी.

अर्थिंगकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. धातूच्या आवरणाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगटाला बारीक झिणझिण्या येतात, तेव्हा लोक लॅपटॉपला दोष देतात. अडॅप्टरमधल्या गाळणीतून अगदी थोडा प्रवाह आवरणापर्यंत येत असतो. भिंतीतली तिसरी तार नीट जोडलेली असेल तर तो जमिनीत निघून जातो. तीन पिनांच्या अडॅप्टरला दोन पिनांचा जोड लावला किंवा घरात अर्थिंगच नसले की तो हाताला जाणवतो. अशा वेळी लॅपटॉप दुरुस्तीला नेण्याआधी वायरमनला बोलवावे.

वीज बेभरवशाची असेल तिथे बॅटरीचे वॉट-तास पाहावेत. ‘आठ तास चालते’ हा दावा अंधुक पडद्यावर आणि हलक्या कामात मोजलेला असतो. ४२ आणि ५७ वॉट-तास हा फरक मात्र सरळ मोजता येतो. टाइप-सी तोंडातून चार्ज होणारे मॉडेल शक्यतो घ्यावे. गोल पिनेचे अडॅप्टर खराब झाले तर तसेच दुसरे शोधावे लागते, टाइप-सीचे पुरेशा वॉटचे कोणतेही चांगले अडॅप्टर चालते. लॅपटॉप सतत विजेला लावूनच वापरायचा असेल तर लेनोवोच्या व्हँटेज या प्रणालीत बॅटरी पूर्ण भरू न देण्याची सोय असते. मे महिन्याच्या उन्हाळ्यात शंभर टक्के भरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच ठेवणे तिचे आयुष्य घटवते.

जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो आणि इथे वर्षातले बरेच महिने धूळ असते. हवा घेणारी छिद्रे तळाशी असतात. गादीवर किंवा गोधडीवर ठेवलेला लॅपटॉप ती बुजवतो, आत धूळ साचते, पंखा ओरडू लागतो आणि प्रोसेसर तापून आपला वेग आपणच कमी करतो. नवा लॅपटॉप दोन वर्षांत ‘स्लो’ झाल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. वर्षातून एकदा आतून साफ करून घेतला तरी फरक पडतो. यासाठीही तळाचे झाकण सहज निघणारे मॉडेल सोयीचे.

वॉरंटीचे दोन प्रकार असतात आणि दोन्हींना ‘एक वर्ष’च म्हणतात. एकात ग्राहकाने लॅपटॉप सेवा केंद्रात न्यायचा, दुसऱ्यात तंत्रज्ञ घरी येतो. अहिल्यानगर शहरातल्या ग्राहकाला यात थोडाच फरक जाणवेल. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या किंवा जामखेडच्या ग्राहकाचा मात्र एका फेरीत पूर्ण दिवस जातो, आणि लॅपटॉप ठेवून यायचा असेल तर दोन फेऱ्या होतात. घरी येणारी सेवा आपल्या पिनकोडला मिळते का, हे खरेदीपूर्वी विचारावे. संगमनेर-अकोले भागाला नाशिक जवळ पडते, त्यामुळे जिल्ह्याबाहेरचे केंद्र कधी कधी जास्त सोयीचे असते. पडझड आणि पाणी सांडणे साध्या वॉरंटीत बसत नाही, त्याचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते पैसे वाया जात नाहीत.

जिल्ह्यात लॅपटॉपचा सर्वांत मोठा ग्राहक विद्यार्थी आहे. लोणीचे प्रवरा, संगमनेरचे अमृतवाहिनी आणि कोपरगावचे संजीवनी ही तिन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ साली सुरू झाली आणि ग्रामीण घरांतली मुले तिथून अभियंते होऊन बाहेर पडू लागली. प्रवेश मिळाला की ‘इंजिनिअरिंगला गेमिंग लॅपटॉपच लागतो’ हा सल्ला हमखास मिळतो. तो सरसकट खरा नाही. संगणक शाखेच्या मुलाला कोड लिहायला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याला १६ जीबी रॅम, चांगला कीबोर्ड आणि दिवसभर पुरणारी बॅटरी लागते. ग्राफिक्स कार्डाची गरज यंत्र शाखेत त्रिमितीय आराखडे व विश्लेषण करणाऱ्यांना, वास्तुरचनेत आणि मशीन लर्निंगकडे वळणाऱ्यांना पडते, आणि तीही बहुधा पहिले वर्ष संपल्यावर. एलओक्यूचे वजन अडॅप्टर धरून तीन किलोच्या आसपास जाते आणि प्लग नसेल तर तो फार काळ टिकत नाही. गरज असेल त्याने तो जरूर घ्यावा. त्याच्यात मेमरीच्या दोन खाचा असतात, ही जमेची बाजू. ज्याला गरज नाही त्याच्या पालकांचे पैसे मात्र न वापरल्या जाणाऱ्या भागात अडकतात.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पदव्युत्तर काम करणाऱ्याला सांख्यिकी आणि नकाशांची प्रणाली चालवायची असते. आर आणि क्यूजीआयएस या दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत आणि दोघींना मेमरी भरपूर लागते. तिथे १६ जीबीचा, ‘यू’ प्रोसेसरचा साधा आयडियापॅड किंवा ई मालिकेतला थिंकपॅड उत्तम चालतो. सेतू किंवा ई-सेवा केंद्राची गरज निराळी. बोटाचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, प्रिंटर आणि स्कॅनर एकाच वेळी जोडलेले असतात, म्हणून जुन्या पद्धतीची चौकोनी यूएसबी तोंडे किती आहेत ते मोजावे. या कामाला ७५२०यू सारखा साधा प्रोसेसरही पुरतो. मराठी टंकलेखनासाठी कोणताही लॅपटॉप चालतो. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आराखडा आधीपासून असतो. फक्त जुन्या थिंकपॅडमध्ये डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन की असते, वेगाने टंकणाऱ्याला ती सुरुवातीला नडते.

अंदाजपत्रक कमी असेल तर जुना थिंकपॅड हा पर्याय नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा अनेकदा चांगला ठरतो. कंपन्या आपली यंत्रे तीन-चार वर्षांनी बदलतात आणि ती पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत तालुक्यापर्यंत येतात. २०१८ चा टी४८० या बाजारात विशेष खपतो. त्याच्यात मेमरीच्या दोन खाचा आहेत, आत एक आणि मागे काढता येणारी दुसरी अशा दोन बॅटऱ्या आहेत, आणि मागची बॅटरी लॅपटॉप चालू असताना बदलता येते. वीज जाणाऱ्या वस्तीवर ही सोय मोठी आहे. त्याच्याच रूपाचा आधीचा टी४७० थोडा स्वस्त मिळतो, पण तिथे थांबावे. टी४७० मधले इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. टी४८० आठव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर यादीत बसतो.

जुना थिंकपॅड घेताना सुरू होतानाच एफ१ दाबून बायोस उघडावे. तिथे पासवर्ड विचारला तर ते यंत्र घेऊ नये. मूळ कंपनीने लावलेला हा पर्यवेक्षकाचा पासवर्ड हरवला तर लेनोवोच्या नियमाप्रमाणे मुख्य बोर्डच बदलावा लागतो. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी दिसते. ती निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागावी.

नवा लॅपटॉप ताब्यात घेताना खोके दुकानातच उघडावे. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे का ते पाहावे. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि विंडोज त्याहून मोठे माप लावते, त्यामुळे हा फरक पडतो, त्यात फसवणूक नाही. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकान किंवा संस्थेच्या नावाने खरेदी असेल तर जीएसटी क्रमांकासह बिल घ्यावे, म्हणजे कराची वजावट मिळवता येते. त्याच दिवशी लेनोवोच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून वॉरंटी कधी संपते ते तपासावे. दुकानात काही महिने पडून राहिलेल्या यंत्राची वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली दिसते. तसे असेल तर बिलाची प्रत कंपनीला पाठवून ती खरेदीच्या तारखेपासून लावून घेता येते.